डोळे आणणाऱ्या विषाणूचं घराणं: एन्टेरोव्हायरसचा वंशवृक्ष काढताना ठेवलेल्या नोंदी

२०२३च्या पावसाळ्यात आळंदीच्या शाळांमध्ये डोळ्यांची साथ आली आणि पंधरा दिवसांत आमच्या कॉलेजातही पोचली. दोन वर्षांनी त्याच मुलांपैकी एक जण एम.एस्सी.च्या वर्गात विचारते, "मॅडम, तो विषाणू पोलिओच्या भाऊबंदांतला आहे असं वाचलं. खरं आहे का?" मी "हो" म्हटलं. पण तोंडी 'हो' म्हणणं वेगळं आणि झाड काढून दाखवणं वेगळं. म्हणून चार विद्यार्थी, प्रयोगशाळेतले दोन कॉम्प्युटर आणि माझा लॅपटॉप एवढ्यावर हा प्रकल्प सुरू केला. विषाणूला कुणीही हात लावलेला नाही. जेनबँक या जनुकीय माहितीच्या साठ्यात सगळ्यांसाठी खुले असलेले सिक्वेन्स, म्हणजे जनुकांतल्या अक्षरांचे क्रम, आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअर, एवढंच साहित्य. दुसऱ्या कुठल्या कॉलेजला हेच करायचं असेल तर आमचे वाया गेलेले दिवस त्यांचे वाया जाऊ नयेत, म्हणून या नोंदी.

१ जुलै २०२५

पोलिओचा विषाणू ज्या प्रजातीत येतो ती एन्टेरोव्हायरस. तिच्यातल्या, माणसाला होणाऱ्या ए, बी, सी, डी या चार जाती घ्यायच्या ठरलं. ऱ्हायनोव्हायरसही याच प्रजातीत येतात, पण त्यांचे प्रकार दीडशेहून जास्त आहेत. ते या खेपेला बाजूला ठेवले. सुरुवात अर्थातच डोळ्यांच्या विषाणूपासून, म्हणजे कॉक्सॅकी ए-२४च्या व्हेरियंटपासून (बदललेल्या रूपापासून). नाव टाकलं आणि जे आलं ते सगळं उतरवून घेतलं. संध्याकाळी अलाइनमेंटला, म्हणजे जुळणारी अक्षरं एकाखाली एक मांडायला, लावून घरी गेलो.

२ जुलै

अलाइनमेंट उघडली तर सगळी ठिगळं. निम्मे सिक्वेन्स डावीकडे, निम्मे उजवीकडे, मध्ये नुसत्या रेघा. आधी वाटलं ही मांडणी करणाऱ्या मॅफ्ट या सॉफ्टवेअरचं काहीतरी बिघडलंय, म्हणून दोनदा पुन्हा लावलं. दुपारी एकाने प्रत्येक नोंदीतलं 'प्रॉडक्ट' हे खानं वाचलं तेव्हा उलगडा झाला. आम्ही दोन वेगवेगळ्या जनुकांचे तुकडे एकाच फाइलमध्ये कोंबले होते.

या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, साधारण ७,४०० अक्षरांचा. सुरुवातीला प्रथिन न बनवणारा सुमारे साडेसातशे अक्षरांचा भाग, मग कवचाची चार प्रथिनं (व्हीपी४, व्हीपी२, व्हीपी३, व्हीपी१), मग २ए, २बी, २सी, मग ३ए, ३बी, ३सी, ३डी. डोळ्यांच्या साथींचा माग पूर्वी बहुतेकांनी ३सीवरून काढला, तर नंतरच्यांनी व्हीपी१ वाचलं. दोन्ही उपयोगाचे, पण एकमेकांशेजारी मांडून तुलना करण्याजोगे नाहीत. फाइली वेगळ्या केल्या. दीड दिवस गेला. उतरवून घेण्याआधी प्रत्येक नोंदीत कुठलं जनुक आहे ते बघा, मगच पुढे जा.

७ जुलै

आज सगळ्या प्रकारांचं पहिलं झाड निघालं आणि ते चुकीचं होतं. चूक माझी. सुरुवातीचा प्रथिन न बनवणारा भाग मी निवडला, कारण सगळ्यांत जास्त नोंदी तिथल्याच मिळतात. रोगनिदानाच्या पीसीआर तपासण्या हाच भाग पकडतात, कारण तो सगळ्या प्रकारांत जवळजवळ सारखा असतो.

झाडात डोळे आणणारे दोन्ही विषाणू, कॉक्सॅकी ए-२४ आणि एन्टेरोव्हायरस डी-७०, एकाच बाजूला आले. मुलं खूश झाली. मीही झाले. आजार एक, मग नातं असणारच, असं मनात येऊन गेलं आणि दहा-पंधरा मिनिटं मी त्या झाडाकडे समाधानाने बघत बसले. मग दुसरी बाजू पाहिली. हात-पाय-तोंडाच्या आजाराचा कॉक्सॅकी ए-१६ आणि हृदयाच्या स्नायूला सूज आणणारे कॉक्सॅकी बी हे एकमेकांत मिसळले होते. ए आणि बी एका गठ्ठ्यात, सी आणि डी दुसऱ्या गठ्ठ्यात. या भागावरून चार जाती वेगळ्या निघतच नाहीत, दोनच गट पडतात. ए-२४ आणि डी-७० शेजारी आले ते एवढ्याचसाठी, त्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही.

फाइल बाजूला ठेवली. उद्यापासून व्हीपी१. १९९९मध्ये अटलांटाच्या सीडीसीतल्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या) शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की व्हीपी१चा सिक्वेन्स आणि जुन्या काळी रक्तद्रवावरून ठरवलेला प्रकार यांचा मेळ बसतो. ढोबळ नियम असा: व्हीपी१चे न्यूक्लिओटाइड (आरएनएची अक्षरं) ७५ टक्क्यांच्या वर आणि अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) ८५ टक्क्यांच्या वर जुळली तर प्रकार एकच.

१० जुलै, गुरुवार

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज नाही. कागदावर प्रकारांची यादी करायला घेतली आणि हाच दिवस सगळ्यांत जास्त कामी आला.

मुलांनी दोन दिवस काही आकडे शोधून शोधून सोडून दिले होते. इको १०, २२, २३, २८, कॉक्सॅकी ए-२३ आणि एन्टेरोव्हायरस ७२ हे कुठेच सापडत नव्हते. 'डेटा अपूर्ण' असा शेराही वहीत पडला होता. पण ते हरवलेले नव्हतेच, त्यांची घरं बदलली होती. इको १० हा रिओव्हायरस निघाला. इको २२ आणि २३ इतके निराळे निघाले की त्यांची पॅरेकोव्हायरस ही वेगळी प्रजाती झाली. इको २८ ऱ्हायनोव्हायरसांत गेला. कॉक्सॅकी ए-२३ म्हणजेच इको ९. एन्टेरोव्हायरस ७२ म्हणजे आपल्या ओळखीच्या काविळीचा हिपॅटायटिस ए, त्याचंही घर आता वेगळं आहे. उलटंही घडलेलं आहे. ऱ्हायनोव्हायरस ८७ म्हणून नोंदवलेला विषाणू प्रत्यक्षात एन्टेरोव्हायरस डी-६८ होता, आणि इको ३४ हा कॉक्सॅकी ए-२४चाच एक अवतार.

मुलांना याचा राग आला. मला ही यादी फार मोलाची वाटते. हे वर्गीकरण काही एका बैठकीत झालेलं नाही. १९४८मध्ये डॉलडॉर्फ आणि सिकल्स यांना न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी गावच्या मुलांच्या विष्ठेतून विषाणू मिळाले, त्या गावाचं नाव त्यांना चिकटलं. नवजात उंदराच्या पिल्लाला टोचल्यावर त्याचे पाय लुळे पडले तर ए गट, ताठरले तर बी गट. उंदराला काहीच झालं नाही पण पेशींची नासाडी झाली आणि कुठला आजार जोडता आला नाही, तर इको. त्यातलं 'ओ' हे अक्षर ऑर्फन, म्हणजे अनाथ, या शब्दाचं. हा हिशोब जमेनासा झाल्यावर ६८पासून पुढे नुसते आकडे सुरू झाले. हातात उंदराचं पिल्लू होतं, सिक्वेन्सर नव्हता. तेवढ्यावर त्या लोकांनी केलेली वाटणी बऱ्याच अंशी टिकली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

यादीचा नमुना: डावीकडे जुनं नाव, मध्ये जात आणि आताचं नाव, उजवीकडे जेनबँकेतला क्रमांक. हे आधी करा. आम्ही दहाव्या दिवशी केलं.

१४ जुलै

वरच्या यादीतून कॉक्सॅकी ए-९ खोडलेला दिसला. नावात 'ए' आहे आणि सिक्वेन्स बी जातीत पडतोय, म्हणजे नोंद चुकीची असणार, असं समजून एका विद्यार्थ्याने काढून टाकला होता. मीही न बघता सही केली होती. ए-९ खरोखरच बी जातीत आहे. उंदराने त्याला ए म्हटलं, जनुकांनी बी. परत घातला. अनपेक्षित जागी पडलेला सिक्वेन्स खोडण्याआधी त्याच प्रकाराचे आणखी दोन-तीन सिक्वेन्स घेऊन बघायचे, असं त्या दिवसापासून ठरवलं. सगळे तिथेच पडले तर शंका आपल्या समजुतीवर घ्यायची.

१६ ते १८ जुलै

व्हीपी१ कापून काढणं वाटलं त्यापेक्षा किचकट. लांबी सारखी नाही. एन्टेरोव्हायरस ए-७१चं व्हीपी१ ८९१ अक्षरांचं, पोलिओ १चं ९०६, कॉक्सॅकी ए-२४चं ९१५. न्यूक्लिओटाइडवरून थेट अलाइनमेंट केली तर मॅफ्ट एक-दोन अक्षरांच्या फटी पाडतं आणि तीन-तीन अक्षरांची चौकट मोडते. त्या अलाइनमेंटचं भाषांतर केलं तर मध्येच थांब्याची खूण येत होती. प्रथिनात ती असूच शकत नाही.

उपाय: आधी अमिनो आम्लांत भाषांतर, मग अमिनो आम्लांची अलाइनमेंट, मग तीच मांडणी पॅल-टू-नॅल या सॉफ्टवेअरने न्यूक्लिओटाइडवर परत. यात दोन दिवस गेले, त्यातला एक फाइलींच्या नावांमुळे. सिक्वेन्सच्या नावात मोकळी जागा असेल तर काही सॉफ्टवेअर तिथपर्यंतच नाव वाचतात. आमच्या सगळ्या पोलिओंचं नाव 'ह्यूमन' झालं होतं. मोकळ्या जागांऐवजी खालची रेघ घाला. चार सिक्वेन्स उलट्या दिशेने नोंदवलेले निघाले, ते मॅफ्टच्या दिशा सुधारणाऱ्या पर्यायाने सरळ झाले.

२१ जुलै

लॅपटॉपची चार जीबी मेमरी पुरेना. जुन्या बाजारातून आठ जीबीची कांडी, १,४०० रुपये. झाड काढणारं आयक्यू-ट्री लावलं, हजार बूटस्ट्रॅपसह (प्रत्येक फांदी किती भरवशाची हे तपासणाऱ्या हजार फेऱ्या).

२४ जुलै, गुरुवार

वार लक्षात ठेवायला हवा होता. रन अर्ध्यात असताना वीज गेली, यूपीएस दहा मिनिटं टिकला. सगळं गेलं असं समजून मुलं घरी निघाली होती. पण आयक्यू-ट्री मधेमधे आपली प्रगती एका चेकपॉइंट फाइलमध्ये लिहून ठेवतं. तीच आज्ञा त्याच फोल्डरमधून पुन्हा दिली की जिथे थांबलं तिथून पुढे चालतं. ती फाइल 'जागा अडवते' म्हणून पुसू नका.

२८ जुलै

व्हीपी१चं झाड मिळालं. चार जाड फांद्या स्वच्छ वेगळ्या, चारही फांद्यांना बूटस्ट्रॅपचा शंभर टक्क्यांच्या जवळ आधार.

सी फांदीवर पोलिओचे तिन्ही प्रकार, त्यांच्या अवतीभवती कॉक्सॅकी ए-११, ए-१३, ए-१७, ए-२०. ए-२१ आणि ए-२४ तिथेच जवळ. ए-१, ए-१९, ए-२२ लांब, आपापल्या कोपऱ्यात. म्हणजे २०२३मध्ये ज्याने मुलांचे डोळे लाल केले तो पोलिओच्या घरातलाच. आणि डी-७०? तो थेट दुसऱ्या फांदीवर, श्वसनाच्या आजाराच्या डी-६८ शेजारी. ए-२४ आणि डी-७० यांच्या व्हीपी१ची जुळणी ७५च्या सीमेच्या कितीतरी खाली.

प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी बराच वेळ पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "मॅडम, मग डोळ्यांत दोघं वेगवेगळ्या वाटेने पोचले?" हो, झाड तेच सांगतं. डी-७०ची साथ १९६९मध्ये घानात सुरू झाली. चंद्रावर माणूस गेला तेच वर्ष, म्हणून तिथे या आजाराला अपोलो म्हणू लागले. ए-२४चा व्हेरियंट १९७०मध्ये सिंगापूरमध्ये सापडला. वर्षभराच्या अंतराने दोन वेगळ्या घराण्यांतले दोन विषाणू एकच आजार घेऊन आले. १९७१मध्ये बंगालमध्ये डोळ्यांची साथ आली तेव्हा निर्वासितांच्या लोंढ्यामुळे लोकांनी तिला 'जय बांगला' नाव दिलं. आजाराच्या नावावरून विषाणूचं कूळ कळत नाही, हे मी इतकी वर्षं शिकवत आले. ७ जुलैला झाडाने हवं ते दाखवल्यावर मात्र पंधरा मिनिटं विसरले होते.

ए फांदीवर एक नोंद आवर्जून बघितली. २०२२मध्ये केरळमधून 'टोमॅटो फ्लू' या नावाची भीती पसरली होती. केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन भावंडांच्या नमुन्यांत सापडला तो कॉक्सॅकी ए-१६, हात-पाय-तोंडाच्या आजाराचा जुनाच विषाणू.

४ ऑगस्ट

३डीचं झाड काढलं आणि मी मुलांवर रागावले. ए जातीतल्या नावांची सगळी सरमिसळ. एन्टेरोव्हायरस ए-७१चे सी-४ उपगटाचे सिक्वेन्स त्यांच्या भावंडांना सोडून कॉक्सॅकी ए-१६च्या जुन्या नमुन्याजवळ बसले होते. फाइली अदलाबदल झाल्या असं गृहीत धरून मी सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच झाड. तिसऱ्यांदा मी स्वतः केलं. तेच.

फाइली बरोबर होत्या. दोन विषाणू एकाच पेशीत शिरले की आरएनएची नक्कल करणारं एन्झाइम मध्येच एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं, आणि तयार होणाऱ्या विषाणूचं कवच एकाचं, मागचा भाग दुसऱ्याचा होतो. सी-४बद्दल हे आधीच प्रसिद्ध झालेलं आहे, मी ते आधी वाचायला हवं होतं. मुलांची माफी मागितली.

तीन दिवस गेले, पण या प्रकल्पातली सगळ्यांत मोठी गोष्ट यातूनच हाती लागली. ३डीच्या झाडातही चार फांद्या शाबूत राहिल्या. सरमिसळ झाली ती प्रत्येक फांदीच्या आत. देवाणघेवाण होते ती बहुतेक जातीतल्या जातीत. म्हणजे जात ही नुसती आपण आखलेली चौकट नाही, कोण कोणाशी तुकडे बदलू शकतो याची ती हद्द आहे. व्हीपी१ प्रकार सांगतं, मागचा भाग मात्र जातीतल्या कुणाकडूनही आलेला असू शकतो. पूर्ण जीनोमचं एकच झाड काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ते झाड दोन इतिहासांची सरासरी असतं. दाराशी लावायच्या फ्लेक्समधून आम्ही ते काढून टाकलं.

पोलिओच्या बाबतीत हे पुस्तकी उरत नाही. २०००-०१मध्ये हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पोलिओची साथ आली, ती लशीतल्या पोलिओ १वरून फिरत फिरत तयार झालेल्या विषाणूची होती. त्याचं कवच लशीच्या वंशातलं, मागचा भाग सी जातीतल्या दुसऱ्या एन्टेरोव्हायरसकडून आलेला. म्हणून पोलिओचे भाऊबंद ओळखणं महत्त्वाचं. भारतातला जंगली पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला सापडला, पण मुंबईचं सांडपाणी २००१पासून तपासलं जातंय आणि आजही ते काम थांबलेलं नाही. तिथेही मोजतात ते व्हीपी१च. लशीच्या मूळ विषाणूपासून प्रकार १ किंवा ३मध्ये दहा किंवा जास्त अक्षरं बदललेली, प्रकार २मध्ये सहा किंवा जास्त, तर त्याला लसजन्य पोलिओ म्हणायचं. नऊशे अक्षरांत सहा. मुलांनी लशीचे तिन्ही सिक्वेन्स घेऊन ही मोजणी हाताने केली. ती प्रत्येक वर्गात करून घ्यावी असं मला वाटतं.

११ ते १३ ऑगस्ट

ए-२४ व्हेरियंटच्या सिक्वेन्सवर वर्षं घालून बदलाचा वेग काढायचा प्रयत्न. वर्ष आणि बदल यांची सांगड तपासणाऱ्या टेम्पेस्टमध्ये आलेख टाकला तर ठिपके सगळीकडे विखुरलेले. कारण साधं निघालं. आम्ही नोंद जाहीर झाल्याचं वर्ष घेतलं होतं. १९७०चा सिंगापूरचा नमुना आमच्या फाइलमध्ये विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जन्मला होता. नमुना घेतल्याची तारीख वेगळ्या खान्यात असते. जुन्या नोंदींत ती नसतेच, कधी ती विषाणूच्या नावात लपलेली असते (नावाच्या शेवटी तिरप्या रेघेनंतर ७० म्हणजे १९७०). हाताने भरल्यावर ठिपके एका रेषेत आले. 'जोसेफ' नावाचा ए-२४चा मूळ नमुना मात्र रेषेबाहेरच राहिला. तो डोळ्यांचा व्हेरियंट नाही. त्याला या हिशोबात घेणंच चूक होतं.

२० ऑगस्ट

छपाई. फिगट्री या झाडं रेखाटणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटली. इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं पुन्हा लिहिली, चार तास. फ्लेक्सची पहिली प्रत रद्द करावी लागली, कारण कोपऱ्यातल्या रंगसूचीत मी जातीऐवजी आजारांप्रमाणे रंग दिले होते आणि त्यामुळे बघणाऱ्याला ए-२४ आणि डी-७० एकाच कुळातले वाटत होते. दुसरी प्रत जातींच्या रंगांत. जुन्या नावांसोबत आयसीटीव्हीची (विषाणूंचं वर्गीकरण ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीची) नवी द्विनामं छापली: अल्फाकॉक्सॅकी, बीटाकॉक्सॅकी, कॉक्सॅकीपोल, डीकन्जंक्टी. ही नावं मला आवडली. सीच्या नावात कॉक्सॅकीबरोबर पोलिओ बसला आहे आणि डीच्या नावात डोळा.

एकूण खर्च: मेमरी १,४००, दोन फ्लेक्स १,१००, इंटरनेटचे जादा रिचार्ज ६००. वेळ सात आठवडे, त्यातले कामाचे दिवस तीसेक, वाया गेलेले अकरा.

२५ ऑगस्ट

परवा गणपती, मुलं गावी निघाली. फ्लेक्स प्रयोगशाळेच्या दाराशी लावला आहे. ३सीची फाइल वेगळी जपून ठेवली आहे, त्यावर काम झालेलं नाही. सुट्टीनंतरच्या बॅचने व्हीपी१ आणि ३सी दोन्ही वाचलेले ए-२४चे नमुनेच तेवढे निवडावेत आणि दोन झाडं शेजारी ठेवावीत. नावांची यादी कपाटात, वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये आहे.